कापडाची रक्तवाहिनी

वऱ्हाडचे आणि कापसाचे नाते नव्याने सांगावयास नको. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला, तो पैशाच्या येण्यापोटी. पण काळ्या जमिनीतील कापसावर त्यांची नजर होतीच. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. अमेरिकेचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. आजचा आपला वाशीम जिल्हा त्या वऱ्हाडाचाच एक भाग. १९०५ पर्यंत बासिम नावाचा वेगळा जिल्हा होता, तो मोडला आणि १९९८ मध्ये वाशीम या नावाने पुन्हा उभा राहिला. कारंज्याचा बाजार कापसावर मोठा झाला. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची शकुंतला कारंज्यावरून जात असे, ती मुख्यतः कापसाच्या गाठींसाठी. आज जिल्ह्यात जिकडे तिकडे सोयाबीन दिसते हे खरे. तरी कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या बाजूला कापूस अजून आहे, आणि धागा, सूत, वीण, उसवण हे शब्द आपल्या घरोघर आहेत.

हा सगळा पाल्हाळ कशासाठी, असे वाचक विचारतील. माणसाच्या शरीरातील फाटलेली किंवा तुंबलेली रक्तवाहिनी काढून तिच्या जागी दुसरी बसवावयाची, ही विद्या विसाव्या शतकात सिद्ध झाली. ती सिद्ध करताना डॉक्टरांना शेवटी ज्याचे दार ठोठवावे लागले तो रसायनशास्त्रज्ञ तर होताच, पण त्याच्याइतकाच विणकर होता, शिंपी होता, भरतकाम करणारी बाई होती. मी इतिहास शिकवणारा माणूस, डॉक्टर नव्हे. तेव्हा या गोष्टीतील कापडाची बाजू मला अधिक जवळची वाटते, आणि ती फारशी कोणी सांगत नाही.

प्रथम रक्तवाहिनी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. हृदयाकडून शुद्ध रक्त घेऊन निघते ती रोहिणी आणि अशुद्ध रक्त परत आणते ती नीला. हृदयातून निघणारी सर्वांत मोठी वाहिनी म्हणजे महारोहिणी. तिची रुंदी दोन-तीन सेंटिमीटर, तर हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या. रोहिणी म्हणजे नुसती नळी नव्हे. ती प्रत्येक ठोक्यासरशी फुगते आणि पुन्हा आवळते. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाख आणि वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. शिवाय तिच्या आतल्या अंगाला पेशींचे एक अतिशय पातळ अस्तर असते. ते शाबूत आहे तोवर रक्त तिच्यात गोठत नाही. रक्ताचा स्वभाव असा, की परकी वस्तू दिसली की तिच्यावर गोठून बसावे. जखमेत हा स्वभाव प्राण वाचवतो. पण नवी नळी बसवावयाची म्हटले की तोच आडवा येतो.

जुन्या काळी रोहिणी तुटली तर एकच उपाय होता : ती बांधून टाकणे. रक्त थांबे, माणूस कदाचित वाचे. पण पुढचा हातपाय पुष्कळदा काळा पडून कापावा लागे. तुटलेली टोके जोडावीत, हे डॉक्टरांना सुचले नव्हते असे नाही, जमत नव्हते. १८९४ च्या जूनमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिऑन शहरी सुरीहल्ला झाला. पोटातील एक मोठी नीला चिरली गेली आणि ते गेले. त्या वेळी लिऑनमध्ये वैद्यक शिकणाऱ्या अलेक्सी कॅरेल नावाच्या तरुणाला ही गोष्ट डाचली : नीला शिवता आली असती तर? लिऑन हे रेशमाचे शहर. तेथील लेरुदिए नावाच्या भरतकाम करणाऱ्या बाईंकडून त्याने अतिबारीक सुईने टाके घालण्याचा हात शिकून घेतला. वाहिनीच्या तोंडाशी समान अंतरावर तीन टाके घालावयाचे आणि ते ताणून धरावयाचे. त्यामुळे गोल तोंडाचा त्रिकोण होतो, आणि मग सरळ कडेवर शिवण घालावी तसे शिवत जावयाचे. ही युक्ती त्याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. १९१२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. बाईंचे नाव मात्र इतिहासाच्या तळटीपेत राहिले.

शिवता आले, पण मधला तुकडाच गेला असेल तर काय? कॅरेलने काचेच्या आणि धातूच्या नळ्या जनावरांत बसवून पाहिल्या. त्या रक्त गोठून बंद पडल्या. ताठ नळीला ठोक्याबरोबर हलता येत नाही, आणि जोडाच्या जागी मऊ वाहिनी व कठीण नळी यांचे भांडण सुरू होते.

या अपयशाची किंमत दुसऱ्या महायुद्धात मोजली गेली. अमेरिकन सैनिकांच्या रोहिणीच्या २,४७१ जखमांचा हिशेब मायकेल डेबेकी आणि फियोरिंडो सिमिओने या दोघांनी १९४६ मध्ये मांडला. जेथे वाहिनी नुसती बांधली, तेथे जवळजवळ निम्म्या सैनिकांचा हात वा पाय कापावा लागला होता. पुढे १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात वाहिन्या शिवण्यास आणि जोडण्यास सुरुवात झाली आणि हेच प्रमाण शेकडा तेराच्या आसपास खाली आले.

जोडण्यासाठी तुकडा कोठून आणावयाचा? दोन वाटा होत्या. पहिली, रोग्याची स्वतःचीच नीला. १९४८ मध्ये पॅरिसच्या झाँ क्युन्लँ यांनी पायातील लांब नीला काढून ती तुंबलेल्या रोहिणीला वळसा घालून बसवली. नीलेत एका दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती उलटी लावावी लागते. ही वाट आजही पहिल्या पसंतीची आहे. पण महारोहिणीच्या मापाची नीला शरीरात फाजील म्हणून कोठे असणार? म्हणून दुसरी वाट, मृत माणसाच्या वाहिनीची. १९५१ मध्ये पॅरिसमध्येच शार्ल द्यूबो यांनी पोटातील फुगलेली महारोहिणी काढून तेथे अशी वाहिनी बसवली. पण एक तर त्या मिळणे कठीण, साठवणे त्याहून कठीण, आणि काही वर्षांत त्या कडक होत वा फुगत. तेव्हा हव्या त्या मापाची, हवी तेव्हा फडताळातून काढता येईल अशी नळी पाहिजे होती.

ती वाट एका विसरलेल्या धाग्याने दाखवली. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर व्हूरहीस हा तरुण डॉक्टर कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग करीत होता. एका कुत्र्याच्या हृदयात रेशमाचा एक टाका चुकून रक्ताच्या वाटेत राहिला. काही महिन्यांनी पाहतो तो त्या धाग्यावर चकचकीत, गुळगुळीत असा पापुद्रा चढलेला! व्हूरहीसने विचार केला, एका धाग्यावर हे होते तर धाग्यांच्या जाळीवर का होऊ नये? म्हणजे नळी गळकी असली तरी चालेल. शरीर तिला आतून स्वतःचे अस्तर लावून घेईल. त्याने रेशमी हातरुमालाची नळी करून पाहिली. ती तासभर चालली आणि बंद पडली. पण तासभर चालली हेही थोडे नव्हते. मग त्याने पॅराशूटच्या जातीचे व्हिन्यॉन-एन नावाचे कृत्रिम कापड घेऊन शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. त्या कुत्र्यांत टिकल्या. १९५२ मध्ये निबंध आला, आणि १९५४ मध्ये अठरा माणसांवरील अनुभव प्रसिद्ध झाला.

इकडे टेक्सासमधील ह्यूस्टन शहरी डेबेकी त्याच विचारात होता. लहानपणी आईने त्याला शिवणकाम शिकवलेले होते. तो स्वतःच सांगत असे, की नायलॉन आणावयास तो एका मोठ्या दुकानात गेला. नायलॉन संपले होते. विक्रेत्याने ‘हे नवीन कापड आले आहे, डेक्रॉन,’ म्हणून पुढे केले. त्याने ते बोटांनी चाचपले, वारभर घेतले, घरी येऊन दोन पट्ट्या एकावर एक ठेवल्या आणि बायकोच्या मशीनवर दोन्ही कडा शिवून नळी केली. १९५४ मध्ये अशी नळी रोग्यात बसवली गेली.

दैवयोग पाहा. नायलॉन संपले नसते तर? पुढील काही वर्षांत निरनिराळ्या कापडांच्या नळ्या जनावरांत ठेवून, मग काढून, त्यांचे बळ मोजण्यात आले. नायलॉन शरीरात राहून आपले बहुतेक बळ गमावते, असे दिसले. डेक्रॉन आणि टेफ्लॉन फारसे झिजत नव्हते. वाहिनीला तर वर्षाला साडेतीन कोटी हिसके सोसावयाचे. आज बसवलेली नळी दोन वर्षांनी पोटात फाटली तर उपचार म्हणजे उशिरा दिलेले मरणच. म्हणून कापड आज कसे दिसते यापेक्षा दहा वर्षांनी कसे असेल, हा प्रश्न मोठा.

मग आपला कापूस का नाही? हा प्रश्न वऱ्हाडी माणूस विचारणारच, आणि तो रास्त आहे. कापसाचा तंतू पाणी पितो आणि फुगतो. शरीराच्या ओलाव्यात आणि उबेत तो हळूहळू बळ सोडतो. रेशीम तर त्याहून लवकर. जखम पुसण्यास, बांधण्यास कापसासारखे दुसरे काही नाही. जन्मभर आत राहण्यास मात्र तो उपयोगी पडत नाही. येथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, म्हणजेच आपण ज्याला टेरिलीन म्हणत आलो ते. त्याचा शोध १९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी लावला, आणि ते नोकरीला होते मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनकडे, म्हणजे सुती कापडावर छपाई करणाऱ्यांच्या कंपनीकडे! ज्या मँचेस्टरच्या भुकेपायी वऱ्हाडात कापूस फोफावला, त्याच मँचेस्टरच्या कापडवाल्यांच्या प्रयोगशाळेतून कापसाचा प्रतिस्पर्धी निघाला, आणि तोच माणसाची रोहिणी झाला.

आता ही नळी तयार कशी करतात ते पाहू, कारण खरी करामत येथे आहे. पॉलिएस्टरचे दाणे वितळवून बारीक छिद्रांतून दाबले की तंतू निघतात. ते ताणून बळकट करतात आणि अनेक तंतूंचा मिळून एक धागा होतो. शिवलेल्या नळीला कडेची शिवण असते; तेथे रक्त अडखळते. म्हणून बिनशिवणीची नळी हवी होती. डेबेकीने फिलाडेल्फियाच्या वस्त्रविद्या महाविद्यालयातील थॉमस एडमन यांना गाठले आणि त्यांनी अशी अखंड नळी काढणारे यंत्र तयार केले. मागावर हे कसे होते? एकावर एक दोन पदर लावावयाचे आणि धोटा वरच्या पदरातून जाऊन खालच्या पदरातून परत आणावयाचा. काठाशी पदर आपोआप जुळतात आणि चपटी विणलेली वस्तू उघडली की गोल नळी. स्टोव्हची पोकळ वात ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल.

वीण दोन प्रकारची. एक उभ्या-आडव्या धाग्यांची, धोतरासारखी. दुसरी फासात फास अडकवलेली, बनियनसारखी. पहिली घट्ट. तिच्यातून रक्त कमी झिरपते, ती ताणली जात नाही. पण कापली की कडा उसवते, म्हणून ती तापल्या हत्याराने कापावी लागते. दुसरी मऊ, शिवावयास सोपी, उसवत नाही. पण गळते फार आणि वर्षानुवर्षांनी थोडी पसरते. गळती मोजण्याची रीतही ठरलेली आहे. रक्तदाबाइतक्या, म्हणजे पाऱ्याच्या १२० मिलिमीटर दाबाखाली एक चौरस सेंटिमीटर कापडातून मिनिटाला किती पाणी जाते ते पाहतात. घट्ट विणीत ते काही शेकडा मिलिलिटरच्या आत, सैल विणीत हजाराच्या वर.

मग प्रश्न पडेल, गळतीच नको म्हणून अगदी घट्ट का विणू नये? कारण व्हूरहीसचा तो धागा आठवा. छिद्रे असली म्हणजे बाहेरच्या पेशी त्यांत शिरतात, कापडाला धरतात, आतील अस्तर भक्कम चिकटते. छिद्रेच नसली तर ते सुटून येते. म्हणजे भोके हवीत आणि गळती नको! आपल्याकडे बांबूची कणगी करतात. बांबूच्या विणीतून धान्य सांडणारच. म्हणून तिला शेणामातीने सारवतात. डॉक्टरांनीही तेच केले. सैल विणीची नळी बसवण्याआधी रोग्याच्याच रक्तात भिजवावयाची. रक्त छिद्रांत गोठते आणि नळी सारवली जाते. पुढे पेशी येऊन त्या गोठलेल्या रक्ताची जागा घेतात. पण रोगी आधीच रक्तस्रावाने खंगला असेल तर भिजवावयास वेळ कोठला? म्हणून १९८० नंतरच्या काळात कारखान्यातच जिलेटिन वा कोलॅजनचा लेप दिलेल्या नळ्या आल्या. हा लेप काही आठवड्यांत शरीरात विरून जातो. काही नळ्यांना मखमलीसारखे बारीक लोंबते धागे ठेवतात, ते पेशींना धरून राहण्यासाठी.

आणखी एक अडचण होती. कापडाची नळी वाकवली की मोडते आणि रक्त अडते. १९५५ मध्ये स्टर्लिंग एडवर्ड्स आणि जेम्स टॅप यांनी तिला पेटीच्या भात्यासारख्या चुण्या घातल्या. नळी दांडीवर चढवावयाची, तिच्यावर दोरा गुंडाळावयाचा, दोन्हीकडून दाबून गोळा करावयाची आणि उष्णता देऊन त्या चुण्या कायम करावयाच्या. मग ती गुडघ्याशी वाकली तरी मिटत नाही.

पॉलिएस्टरचा जोडीदार टेफ्लॉन. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना तो अकस्मात सापडला. १९६९ मध्ये बॉब गोअर यांनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी हळू न ताणता एकदम हिसका देऊन ताणली, तेव्हा ती न तुटता लांब झाली आणि आतून सूक्ष्म तंतूंच्या जाळीसारखी सच्छिद्र बनली. ही नळी विणलेली नाही. पावडरीत वंगण मिसळून तिची लापशी साच्यातून दाबून काढतात, ताणतात आणि भाजून पक्की करतात. १९७० नंतर ती माणसांत वापरात आली. मूत्रपिंड बिघडलेल्या रोग्यांच्या हातात डायलिसिससाठी स्वतःची नीला उपयोगी नसेल, तेव्हा बहुधा हीच नळी बसवतात.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची मोठी शाखा उभी केली. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रोगी काही तासच जगला. त्या बातमीच्या गाजावाजात त्यांचे दुसरे काम झाकले गेले. आपल्या देशात तरुण वयात, विशेषतः स्त्रियांत, महारोहिणी आणि तिच्या फांद्या सुजून अरुंद होण्याचा एक रोग आढळतो. सेन, किणारे, केळकर आणि परुळकर या केईएमच्या मंडळींनी त्याचा बारकाईने अभ्यास करून १९७३ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. अशा रोग्यांत तुंबलेल्या भागाला वळसा घालणारी नळी लागते. म्हणजे हा प्रश्न केवळ विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांचा किंवा अपघातांचा नाही. विशी-तिशीतल्या लेकीसुनांचाही आहे.

पण परदेशातून येणाऱ्या वस्तूची किंमत तिकडच्या चलनात ठरते, आणि सरकारी इस्पितळातील रोग्याला ती परवडत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डॉ. वलियातन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीची हृदयाची झडप तयार केली. तिचे पहिले रोपण डिसेंबर १९९० मध्ये झाले. त्याच संस्थेने पॉलिएस्टरची विणलेली रक्तवाहिनीही विकसित केली. कापड विणण्यात हजारो वर्षे घालवलेल्या देशाला ही नळी विणता येऊ नये असे काही नव्हते. अवघड होते ते तिचे शुद्धीकरण, कसोट्या आणि धीर. झडप असो वा नळी, शंभर वेळा फसूनही काम चालू ठेवावे लागते, आणि त्या काळात टाळ्या वाजवणारे कोणी नसते.

सगळे प्रश्न सुटले असे मात्र समजू नये. मोठ्या वाहिन्यांत कापडाची नळी वर्षानुवर्षे चालते, कारण तेथे रक्ताचा लोंढा जोराचा. पण सहा मिलिमीटरच्या खाली गाडी अडते. नळीची रुंदी निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाने जाणारे रक्त निम्मे होत नाही, सोळावा हिस्सा उरते. संथ रक्त गोठते. जोडाच्या जागी पेशी दाटून वाट बुजवतात. त्यामुळे हृदयाच्या बायपाससाठी आजही रोग्याच्या पायातील नीला किंवा छातीतील रोहिणीच घ्यावी लागते. यावर उपाय म्हणून काही शास्त्रज्ञांनी पुन्हा धाग्याचाच आश्रय घेतला आहे. शरीरात विरघळणाऱ्या धाग्यांच्या नळीवर माणसाच्या पेशी वाढवावयाच्या. त्या आपल्याभोवती कोलॅजनची भिंत बांधतात आणि धागा विरून जातो. मग पेशी धुऊन काढावयाच्या, म्हणजे उरलेली नळी कोणालाही चालते. अशा एका वाहिनीला, हातापायांच्या जखमांत स्वतःची नीला वापरता येत नसेल तेव्हा वापरण्यासाठी, अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली; धोक्याच्या इशाऱ्यांसह मिळाली, हेही सांगितले पाहिजे.

आता शेवटचे आणि कामाचे. मळणीयंत्रात हात सापडणे, रस्त्यावर पाय चिरडणे या गोष्टी आपल्या जिल्ह्यात नवीन नाहीत. हातापायाचे रक्त तुटले तर साधारण सहा तासांच्या आत ते पुन्हा सुरू व्हावे लागते. त्यानंतर स्नायू मरू लागतात. सर्वांत उत्तम नळी फडताळात असली तरी आठ तासांनी आलेल्या पायाला तिचा उपयोग थोडा. तेव्हा रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी आणि दाब सोडू नये. हळद, चुना, माती काही भरू नये. आणि रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया जेथे होते तेथे थेट न्यावे. आधी या दवाखान्यात, मग त्या दवाखान्यात, यात तास जातात. चालताना पोटरी दुखून थांबावे लागते, थांबले की बरे वाटते, अशी तक्रार असेल तर ती वयाची म्हणून सोडून देऊ नये. ती पायाची रोहिणी अरुंद होत असल्याची खूण असू शकते, आणि विडी-सिगारेट तिला बळ देते.

२०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी तरी उद्या रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक होईल, आणि कारंज्या-मानोऱ्याच्या माणसाला रात्री नागपूरची वाट धरावी लागणार नाही, अशी आशा करावयास जागा आहे. त्या मुलांना एवढेच सांगावेसे वाटते, की ग्रंथालयातून उठून कधी मागावर बसलेल्या माणसाशेजारी आणि शिवणयंत्रावर बसलेल्या आईशेजारीही थोडे बसा. कॅरेल बसला होता. डेबेकीही बसला होता.